शनिवार-रविवारचं वादळ: बर्फ, स्लीट की गोठणारा पाऊस? (माग काढायचा धागा)

उत्तरवारा | सोमवार, रात्री ११:४०

मंडळी, धागा काढतोय, कारण आता लागोपाठ चौथ्या रनमध्ये (मॉडेलच्या ताज्या गणितात) युरो, म्हणजे युरोपचं हवामान मॉडेल, तेच दाखवतंय. पाच दिवस बाकी आहेत, म्हणजे अजून काहीही होऊ शकतं हे मान्य, पण या वेळची मांडणी बघून मला स्वस्थ बसवत नाहीये. उत्तरेला अमेरिकेच्या न्यू इंग्लंडवर चांगला दणकट हाय (जास्त दाबाचं क्षेत्र) येऊन बसणार, दक्षिणेकडून मेक्सिकोच्या आखातातला ओलावा वर चढणार, आणि आपण सगळे अ‍ॅपलाचियन डोंगररांगेच्या पूर्व अंगाला मधोमध सापडणार.

एक विनंती आधीच करतो. इंचांचे रंगीत नकाशे आत्ता टाकू नका. पाच दिवस आधी एका रनच्या नकाशाला काडीचा अर्थ नसतो, एन्सेम्बल (सुरुवात किंचित बदलून केलेले एकाच मॉडेलचे अनेक रन) बघा. युरोचे ५१ सदस्य आहेत, जीएफएसचे (अमेरिकेच्या मॉडेलचे) ३१, त्यातले किती जण लो (वादळाचं कमी दाबाचं केंद्र) किनाऱ्याला धरून नेतायत आणि किती जण आत डोंगराकडे ओढतायत तेवढंच सध्या बघण्यासारखं आहे. आज दुपारच्या रनमध्ये युरोच्या सदस्यांचे दोन सरळ गट पडलेत.

माझं लक्ष बर्फापेक्षा आईसवर, म्हणजे गोठणाऱ्या पावसाने चढणाऱ्या काचेसारख्या थरावर आहे. किती इंच पडणार यापेक्षा जमिनीलगतची थंड हवा किती जाड राहणार, हा यावेळचा खरा प्रश्न आहे असं मला वाटतं. म्हणून शुक्रवारपासून आपापल्याकडचं तापमान टाकाल तेव्हा ड्यू पॉइंटही (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं दव होतं तो; जितका खाली तितकी हवा कोरडी) टाका, नुसतं तापमान अर्धीच गोष्ट सांगतं.

---

हिमवेडी | सोमवार, रात्री ११:५२

रुमाल टाकून ठेवते. झोप गेली आता पाच दिवस!

---

नवखा_ढग | मंगळवार, सकाळी ७:१५

नमस्कार, मी इथे नवीन आहे. प्रश्न कदाचित बाळबोध असेल पण विचारतोच. माझं अ‍ॅप एकाच दिवसासाठी कधी बर्फ, कधी स्लीट, कधी फ्रीझिंग रेन दाखवतंय, दर तासाला चिन्ह बदलतंय. स्लीट आणि फ्रीझिंग रेन म्हणजे नेमका फरक काय? आणि जमिनीवर तापमान शून्याखाली असताना पाऊस पडतोच कसा?

---

पारा_शून्य | मंगळवार, सकाळी ९:०५

@नवखा_ढग, बाळबोध अजिबात नाही, अख्खं वादळ याच प्रश्नावर उभं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

वर ढगात तयार होताना बहुतेक वेळा सगळा बर्फच असतो. खालपर्यंत हवा शून्याखाली असेल तर तो बर्फ म्हणूनच पोचतो. पण आपल्याकडे अशा वादळात दीड-दोन किलोमीटर उंचीवरून दक्षिणेची उबदार हवा घुसते, थंड हवेच्या वर चढून बसते. त्या थराला वॉर्म नोज म्हणतात, कारण साउंडिंगच्या (उंचीनुसार तापमानाच्या) आलेखात तो नाकासारखा पुढे आलेला दिसतो. बर्फाचं फूल त्यातून पडताना वितळतं. थराचं कमाल तापमान जेमतेम १ अंश असेल तर अर्धवट वितळतं, ३ अंशांच्या वर गेलं की पूर्ण पाणी होतं.

आता तो थेंब खालच्या थंड हवेत शिरतो. ती थंड हवा जाड असेल, ढोबळमानाने पाऊण-एक किलोमीटर, आणि पुरेशी गार असेल, तर थेंब वाटेतच गोठतो आणि जमिनीवर टणटण उडणारा दाणा होऊन येतो. ते स्लीट. आणि थंड थर पातळ असेल, दोन-तीनशे मीटर, तर गोठायला वेळच मिळत नाही. थेंब शून्याखाली जाऊनही पाणीच राहतो आणि फांदीला, तारेला, पायरीला टेकल्या टेकल्या काच होतो. तो गोठणारा पाऊस.

म्हणजे काही शे मीटर जाडीच्या हवेवर सगळं ठरतं. तुमचं अ‍ॅप दर तासाला चिन्ह बदलतंय ते बिघडलंय म्हणून नाही, मॉडेललाच ती जाडी नीट ठरवता येत नाहीये.

---

नवखा_ढग | मंगळवार, सकाळी ९:३०

इतकं सोपं करून कुणी सांगितलंच नव्हतं. मनापासून आभार. वाचत राहतो.

---

हिमवेडी | मंगळवार, संध्याकाळी ६:२०

मला माहितीये नकाशे टाकायचे नाहीत, पण अठरा झेडच्या (ग्रीनिच वेळेच्या १८ वाजताच्या) जीएफएसमध्ये आमच्याकडे १६ इंच दिसतंय हो!! लहानपणापासून वाट बघतेय अशा एका वादळाची.

---

उत्तरवारा | मंगळवार, संध्याकाळी ७:१०

@हिमवेडी, तुमचा आनंद कळतो, मीही त्याच रोगाचा रुग्ण आहे :) पण तो नकाशा दहास एक या प्रमाणावर केलेला असतो, म्हणजे एक इंच पाण्याचा दहा इंच बर्फ धरून. त्यातही यातले बरेच नकाशे स्लीटलासुद्धा बर्फच धरतात. एक इंच पाण्याचं स्लीट जेमतेम दोन-तीन इंच भरतं. तुमच्या १६ इंचांतला अर्धा भाग स्लीट निघाला तर हातात किती राहील बघा.

प्रमाणही दरवेळी दहाच असतं असं नाही. ढगात उणे १२ ते उणे १८ या पट्ट्यात हवा जोरात वर चढत असेल तर छान फांद्यांची फुलं तयार होतात आणि पंधरा-वीसास एक असा कापसासारखा बर्फ पडतो. ओला बर्फ पाच-सहास एकवरच थांबतो.

मॉडेलवर किती विसंबायचं त्याची दोन्ही टोकं आपल्या याच किनाऱ्यावर दिसलीत. मार्च १९९३चं वादळ जवळपास पाच दिवस आधी कळलं होतं, आणि अलाबामातल्या बर्मिंगहॅमला १३ इंच पडला. उलट जानेवारी २०००चं वादळ समुद्रात निघून जाणार असं आदल्या दिवसापर्यंत चाललं होतं, आणि रॅलीला २०.३ इंच पडला, तिथला आजवरचा विक्रम. आणि जानेवारी २०१५ला न्यूयॉर्कमध्ये दोन फुटांची तयारी करून सबवे बंद ठेवली, सेंट्रल पार्कला ९.८ इंचच पडला, कारण वादळ थोडं पूर्वेला सरकलं.

---

रात्रीचा_रन | बुधवार, रात्री १:२५

युरो आत्ताच आला. लो मागच्या रनपेक्षा साधारण ऐंशी किलोमीटर वायव्येला, म्हणजे आत. आमच्याकडे बर्फाचे तास कमी झाले, मधले बारा तास सगळे गुलाबी (गोठणारा पाऊस). जीएफएस अजून बाहेरच आहे. उद्या दुपारपर्यंत कुणीतरी एकजण झुकेल.

---

हिमवेडी | बुधवार, सकाळी ६:४५

ऐंशी किलोमीटरने एवढा फरक? मन खट्टू झालं.

---

पारा_शून्य | बुधवार, सकाळी ८:३०

पडतो. आपण नेमके सीमारेषेवर आहोत ना.

अजून एक गोष्ट लक्षात घ्या. ज्या लाटेतून हे वादळ होणार ती आत्ता पॅसिफिकवर आहे. जगभर हवा मोजणारे फुगे सोडतात ते दिवसातून दोनदा, शून्य आणि बारा झेडला, आणि तेही मुख्यतः जमिनीवरून. समुद्रावर उपग्रह आणि विमानांवरच भागवावं लागतं. हिवाळ्यात कधी कधी खास विमानं पाठवून तिथे ड्रॉपसोंड (खाली पडता पडता हवा मोजणारं यंत्र) टाकतात ते याचसाठी. लाट पश्चिम किनाऱ्याला लागली की फुग्यांच्या पूर्ण जाळ्यात येईल, आणि मग रन जरा स्थिरावतील. गुरुवार सकाळपर्यंत दम धरा.

हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्झ यांची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असेल. १९६१च्या हिवाळ्यात त्यांनी संगणकावर ०.५०६१२७च्या जागी ०.५०६ टाकलं आणि थोड्याच वेळात सगळं हवामान वेगळंच निघालं. लाटेच्या जागेबद्दल सुरुवातीला थोडी चूक असली की पाच दिवसांनी ऐंशी किलोमीटर काहीच नाहीत.

---

अंगणातली_जुई | गुरुवार, दुपारी १२:१०

इथे नेहमी नुसती वाचते, आज पहिल्यांदा लिहितेय. माझी आई घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर आहे, चोवीस तास. मागे एकदा आईसमध्ये वीज गेली तेव्हा आमच्याकडे एकच सिलिंडर होता आणि लाइन यायला दोन दिवस लागले. ती रात्र मी आयुष्यात विसरणार नाही, सिलिंडरच्या काट्याकडे बघत बसले होते. तुम्हाला मॉडेलमधलं कळतं म्हणून विचारते, बर्फ पडला तर आम्ही घरी निभावून नेऊ, पण आईस होणार असेल तर आईला बहिणीकडे न्यायचं आहे, ती डोंगरापलीकडे राहते. कधीपर्यंत निघावं? आणि आईस नक्की होणार का?

---

उत्तरवारा | गुरुवार, दुपारी १२:४५

जुईताई, बरं झालं लिहिलंत.

नक्की असं आज कुणीच सांगू शकत नाही, आणि कुणी सांगितलं तरी विश्वास ठेवू नका. पण तुमच्या बाबतीत नक्की होण्याची वाट बघायची नसते. आज सकाळच्या रनमध्ये जीएफएसही आत आलंय, एन्सेम्बलमधले अर्ध्याहून जास्त सदस्य आपल्या पट्ट्यात पाव इंचाच्या वर आईस देतायत. पाव इंचाला, म्हणजे सहाएक मिलिमीटरला, बऱ्याच ठिकाणी आईस स्टॉर्म वॉर्निंग निघते. अर्ध्या इंचाला मोठ्या फांद्या मोडायला लागतात आणि तारा खाली येतात. घरी ऑक्सिजन असेल तर माझ्या हिशोबाने एवढी शक्यता पुरे.

शनिवारी दुपारपर्यंत रस्ते कोरडे असतील असं दिसतंय. पण शनिवारची वाट बघू नका, शुक्रवारी उजेडात निघा. बहिणीचं घर डोंगरापलीकडे आहे ते उत्तम, तिथे ही थंड हवा अडकून बसत नाही. जाताना भरलेले सिलिंडर सोबत घ्या, मशीन देणाऱ्यांना आजच फोन करून जास्तीचे मागा, आणि वीज कंपनीकडे वैद्यकीय गरजेची नोंद असते ती केलेली नसेल तर करून टाका. नोंद केली म्हणजे वीज आधी येईलच असं नाही, तेवढ्या एका गोष्टीवर राहू नका.

---

अंगणातली_जुई | गुरुवार, दुपारी १:०५

उद्या सकाळी निघतो. बहिणीला कळवलं. डोळ्यांत पाणी आलं हो, दादा.

---

पारा_शून्य | शुक्रवार, रात्री ९:५०

आता नॅमच्या (जवळच्या दिवसांसाठीचं, बारीक जाळीचं अमेरिकन मॉडेल) टप्प्यात आलोय तेव्हा साउंडिंग काढून बसलो होतो. जे दिसलं ते चांगलं नाही.

सगळे जण ८५० मिलिबारचा (साधारण दीड किलोमीटर उंचीवरचा) नकाशा बघून ‘शून्याची रेषा आपल्या दक्षिणेला आहे, बर्फच पडणार’ म्हणतायत, पण यावेळी नोज ८५०ला नाहीच, तो वर ८००ला (दोनएक किलोमीटरवर) आहे. ८५०ला उणे १, आणि ८००ला अधिक ४! त्या एका नकाशावर विसंबलं तर हे दिसतच नाही. जाड थरांच्या जागतिक मॉडेलांपेक्षा नॅम अशा वेळी नोज आधी पकडतं हा माझा कित्येक वर्षांचा अनुभव आहे, पावसाच्या आकड्यात ते वाहवत जातं ती गोष्ट वेगळी.

शनिवारी रात्री खालचा थंड थर हजारएक मीटर जाड, म्हणजे बर्फ आणि मग स्लीट. रविवारी पहाटेपासून तो पातळ होत जातो, चारशे, तीनशे मीटर, पण जमिनीवर उणे २ कायम. दिवसभर.

---

नवखा_ढग | शुक्रवार, रात्री १०:१०

पारादादा, वर अधिक ४ची हवा वाहतेय, पाऊस पडतोय, तर जमिनीवरची थंडी निघून का जात नाही?

---

पारा_शून्य | शुक्रवार, रात्री १०:४०

कारण ती डोंगराला टेकून अडकलेली असते. उत्तरेच्या हायमधून कोरडी जड हवा ईशान्येकडून खाली येते, पश्चिमेला अ‍ॅपलाचियनची भिंत, त्यावरून चढायला तिला ताकद लागते, मग ती डोंगराच्या पायथ्याशी धरणातल्या पाण्यासारखी साठते. याला वेज म्हणतात. उबदार हवा हलकी, ती वरूनच सरकून जाते. मॉडेल हा वेज फार लवकर मोडतात, खऱ्यात तो चिवट असतो.

आणि एक गंमत आहे. पाणी गोठताना उष्णता बाहेर टाकतं. म्हणजे गोठणारा पाऊस स्वतःच तापमान हळूहळू शून्याकडे नेतो आणि स्वतःच थांबतो, जर ताजी कोरडी हवा येत नसेल तर. म्हणून उत्तरवारा पहिल्या दिवसापासून ड्यू पॉइंट विचारतायत. ईशान्येचा वारा उणे दहाच्या ड्यू पॉइंटची हवा आणत राहिला तर गोठणं थांबतच नाही. जानेवारी १९९८मध्ये क्यूबेकमध्ये असंच दिवसचे दिवस चाललं, माँट्रियालच्या भागात १०० मिलिमीटरपर्यंत गोठणारा पाऊस झाला, विजेचे लोखंडी मनोरे कागदासारखे दुमडले. आपलं वादळ तेवढं लांबणार नाही, एका दिवसात निघून जाईल. पण डिसेंबर २००२ला कॅरोलिनामध्ये एकाच रात्रीत किती घरं अंधारात गेली होती ते तिथल्या कुणालाही विचारा.

---

रात्रीचा_रन | शनिवार, सकाळी १०:००

वॉर्निंग निघाली. ज्यांच्याकडे जनरेटर आहे त्यांना हात जोडून सांगतो, घरात नाही, गॅरेजमध्ये नाही, गॅरेजचं दार उघडं ठेवूनही नाही. घरापासून निदान वीस फूट लांब. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, दरवेळी आईसपेक्षा त्याचीच भीती मला जास्त वाटते. फोन, पॉवर बँक चार्ज करून ठेवा आणि झाडाखालच्या गाड्या हलवा.

---

उत्तरवारा | शनिवार, संध्याकाळी ५:३०

आत्ता ४.१ अंश, ड्यू पॉइंट उणे ९.८. रडारवर आपल्या डोक्यावर पाऊणएक तास हिरवं दिसतंय पण खाली काही नाही, वाटेतच सुकतंय. ४ अंश बघून कुणी निर्धास्त होऊ नका. ओल्या फडक्याने गुंडाळलेला पारा, म्हणजे वेट बल्ब, आत्ताच उणे अर्ध्यावर आहे. हवा ओली व्हायला लागली की तापमान तिथे येऊन बसेल.

---

उत्तरवारा | शनिवार, संध्याकाळी ७:०५

०.६ अंश, ड्यू पॉइंट उणे ३.४. पहिलं फूल पडलं, ७ वाजून १ मिनिटाला.

---

हिमवेडी | शनिवार, रात्री ८:४०

काळ्या स्वेटरची बाही पुढे करून पायरीवर उभी आहे. सहा फांद्यांची पूर्ण फुलं, एकेका फांदीला बारीक बारीक पिसं. भिंग लावलं तर मधोमध षटकोन दिसतोय. बाहीवर तीन-चार सेकंद राहतात आणि विरतात. कुणी सांगितलं होतं ना उणे १५च्या आसपासच्या ढगात हीच होतात म्हणून? म्हणजे मी आत्ता पाच किलोमीटर वरचं तापमान बाहीवर वाचतेय! जपानचे भौतिकशास्त्रज्ञ नाकाया यांनी १९३६ साली होक्काइदोमध्ये प्रयोगशाळेत पहिलं कृत्रिम हिमस्फटिक वाढवलं, आणि कुठल्या तापमानाला कुठला आकार ते पुढे मांडून दाखवलं, ते आज खरं कळलं.

बर्फ मोजायच्या बोर्डावर १.५ इंच.

---

हिमवेडी | शनिवार, रात्री १०:१५

फुलं आता एकमेकांना चिकटून मोठे गुच्छ पडतायत, रुपयाएवढे. सुंदर दिसतंय पण पोटात गोळा आला.

---

पारा_शून्य | शनिवार, रात्री १०:२२

बरोबर ओळखलंत. वर कुठेतरी हवा शून्याला टेकली. रडारवर सीसी (पडणारे कण एकसारखे की मिश्र ते दाखवणारा आकडा) बघा, वितळण्याची रेषा आपल्यापासून तीस किलोमीटर दक्षिणेला आहे आणि सरकतेय. नॅमपेक्षा दोन तास लवकर.

---

रात्रीचा_रन | रविवार, रात्री १२:४५

खिडकीवर तांदूळ फेकल्यासारखा आवाज. स्लीट. उणे १.९. चालू राहू दे, जेवढा वेळ आवाज आहे तेवढं बरं.

---

नवखा_ढग | रविवार, पहाटे ४:३०

जाग आली ती आवाज थांबला म्हणून. पाऊस पडतोय, पण ऐकू येत नाहीये. टॉर्च मारला तर कठडा चमकतोय. उणे २.२, ड्यू पॉइंट उणे ३.

---

उत्तरवारा | रविवार, सकाळी ८:५०

आमच्याकडची वीज ६:२०ला गेली. फोनवरून लिहितोय, थोडक्यात लिहितो. उणे १.७. बारीक रिमझिम आहे, आणि तीच जास्त वाईट, जोराचा पाऊस निम्मा निथळून जातो, रिमझिम सगळीच्या सगळी चिकटते. दर पाच-सात मिनिटांनी मागच्या रानात एक फांदी मोडते. आधी गोळीसारखा आवाज, मग काचा सांडल्यासारखा लांब खळखळाट.

---

पारा_शून्य | रविवार, सायंकाळी ६:१०

वारा वायव्येला फिरला, पाऊस संपला. मोजमाप:

बर्फ २.५ इंच, त्यावर स्लीट १.२ इंच. फांदीवरचं आईस मोजताना सगळ्यात जाड बाजू १५ मिलिमीटर, सगळ्यात पातळ ५, सरासरी १०, फांदीची जाडी वगळून. म्हणजे ०.४ इंच. तुम्हीही असंच मोजा, फक्त जाड बाजू मोजून पाठवू नका. लोंबणाऱ्या सुळ्या धरायच्या नाहीत.

स्लीटने वाचवलं आपल्याला. थंड थर पहाटे साडेतीनपर्यंत जाड राहिला, नॅमने त्याला एक वाजताच पातळ केलं होतं. ते अडीच तास गोठणारा पाऊस झाला असता तर अर्ध्या इंचाच्या पुढे गेलो असतो.

---

हिमवेडी | रविवार, संध्याकाळी ७:००

१६चे २.५ झाले. पण ती बाहीवरची फुलं मिळाली. आमच्याकडे वीज आहे, जवळपास कुणाला फोन चार्ज करायचा असेल तर मेसेज करा.

---

अंगणातली_जुई | सोमवार, सकाळी ११:२०

शेजाऱ्यांनी फोटो पाठवला. आमच्या अंगणातला मोठा ओक मधून चिरलाय, अर्धा विजेच्या तारेवर आहे. वीज रविवारी सकाळी सातपासून नाही. आई इथे बहिणीकडे आहे, इकडे नुसता पाऊस झाला, मशीन चालू आहे, आत्ता चहा पिऊन उन्हात बसलीय. तिला सांगितलं धाग्यावरच्या लोकांनी आपल्याला पाठवलं, तर विचारते, त्यांच्याकडे वीज आली का?

---

उत्तरवारा | सोमवार, सकाळी ११:४५

आईंना सांगा, अजून नाही, पण चूल पेटती आहे. आणि तुम्ही परतायची घाई करू नका. आज दुपारी ३ अंशांवर जाईल, सगळं निथळेल, आणि रात्री पुन्हा उणे ६. जे रस्ते दुपारी ओले दिसतील ते रात्री काळ्या बर्फाचे असतील. बुधवारी दुपारनंतर निघा.